दोन गोळे, एकच आवाज

अनुमान (आधीच लिहून ठेवलेलं)

शनिवारी दुपारी भौतिकशास्त्राच्या पायऱ्यापायऱ्यांच्या वर्गात शिरायचं, तर खांदे तिरके करूनच शिरावं लागे. बाकं केव्हाच भरलेली असत. मग पायऱ्या भरत, मग खिडक्यांचे कट्टे, आणि उरलेली मंडळी दाराशी टाचा उंचावून उभी. त्यात इतिहासवाले असत, वाणिज्यवाले असत. कोणी मावशीला घेऊन आलेलं असे, कोणी होणाऱ्या सासऱ्यांना. सगळ्यांचे डोळे छताच्या हुकाकडे. हुकाला दोर, दोराला छोट्या कलिंगडाएवढा लोखंडी गोळा, आणि गोळ्यामागे गोळेसर.

त्यांचं खरं आडनाव पगार काढणारा कारकूनही विसरत चालला होता. सर भिंतीला पाठ टेकवून उभे राहत, गोळा नाकाच्या शेंड्याला लावत आणि सोडून देत. गोळा थेट समोरच्या फळ्यापर्यंत जाई आणि तिथून मागे वळे. पहिल्या बाकावर कोणीतरी डोळे झाकून घेई. गोळा नाकाच्या केसभर अलीकडे थबके आणि परत फिरे. सरांची पापणी हलत नसे. ती हलू नये म्हणून त्यांनी न्हाणीघराच्या आरशासमोर किती सराव केला होता, हे फक्त त्यांच्या बायकोला ठाऊक होतं.

"ही हिंमत नाही," सर म्हणत, "हा नियम आहे. हिंमत उसनी आणावी लागते. नियम आपल्या बापाचा असतो."

टाळ्या. मग सर बुवाबाजीकडे वळत. कारण गोळेसर हे नुसते मास्तर नव्हते, त्यांनी भल्याभल्या महाराजांची बिंगं फोडली होती. सगळ्यांचा आवडता किस्सा अधांतरी महाराजांचा.

"'बालका,'" सर नाकातून आवाज काढत, "'ही जमीन आमच्या पायांना सोसत नाही.' सोसणार कशी, महाराज जेवायला बसले की पंगत उपाशी उठायची. आम्ही काय केलं? पाहिलेल्या माणसांना एकेकट्याला बसवलं आणि विचारलं, काय पाहिलंत? एक म्हणाला, वीतभर वर होते. दुसरा म्हणाला, हातभर. तिसऱ्याच्या मते महाराजांचं डोकं छपराला लागलं आणि दोन कौलं सरकली. प्रत्यक्षात महाराज एका पायाच्या चवड्यावर उभे होते आणि कफनी लांब होती. बस्स. पण लक्षात घ्या, लोक खोटं बोलत नव्हते. माणूस डोळ्यांनी कमी बघतो, मनानं जास्त बघतो. आधी जे मानलेलं असतं, तेच त्याला दिसतं."

हशा. आपण त्या लोकांपैकी नाही, याचा हशा.

आणि शेवटी दोन गोळे. एकाच मापाचे, एक लोखंडाचा, एक लाकडाचा. वरच्या गॅलरीतून सहायक ते एकदम सोडी. "लोक म्हणतात जड आधी पडणार. आपण म्हणत नाही, आपण बघतो," असं सर म्हणत, आणि खालच्या फळीवर धाड. एकच आवाज.

"समजलं?"

"समजलं, सर."

तो गजर कानात साठवून गोळेसर पुढचा आठवडा काढत. म्हणून अनुमान असं, की गोळेसरांनी दाखवलं की समजतं. प्रयोगाआधीच अनुमान लिहून ठेवू नये, हे खरं. पण मुलांना ती सवय लावली कोणी?

साहित्य

एक मामा, म्हणजे गोळेसर. एक भाची. एक मामी, लागेल तेवढी. दोन गोळे. एक हॉल, अजून न बांधलेला.

हॉलचं असं होतं. व्हरांड्याच्या टोकाला लागून लागून दोन प्रयोगशाळा होत्या. तिथं मुलं टेबलांभोवती जमून स्वतः तारा जोडत, चुकीच्या जोडत, भांडत. प्राचार्यबाईंच्या मनात मधली भिंत पाडून, टेबलं मोडीत काढून तिथं मोठा हॉल करायचा होता. आसपासच्या शाळांतली मुलं बसगाड्यांनी आणायची आणि गोळेसरांचा प्रयोग दाखवायचा. संस्थेचे अध्यक्ष येत्या शनिवारी कार्यक्रम बघून होकार देणार होते. सरांनी तो हॉल मनात बांधूनही टाकला होता. हुक कुठे ठोकायचा, हेसुद्धा ठरलं होतं.

अडचण एकच. त्यातली एक प्रयोगशाळा भाचीची होती. मुलं भौतिकशास्त्र शिकतात तेव्हा त्यांच्या डोक्यात नक्की काय होतं, आणि शिकवणारा शिकवतो तेव्हा काय होत नाही, याचा ती अभ्यास करी. तो अभ्यास त्या टेबलांवरच चाले. टेबलं गेली की अभ्यास गेला, आणि तीही गेली.

"हिचा विषय काय?" पाहुण्यांनी विचारलं की मामा सांगत, "भौतिकशास्त्र जमलं नाही, म्हणून भौतिकशास्त्र न जमणाऱ्यांचा अभ्यास करते."

कृती

"मामा, तुझ्या मुलांना एक प्रश्न विचारू?" रविवारी सकाळी चहा घेताना भाचीनं विचारलं.

"एक का, शंभर विचार. सूत्रं घडाघडा म्हणतील."

"सूत्र नकोय. दोन गोळे सोडले तेव्हा काय दिसलं, एवढंच."

सरांनी कप खाली ठेवला. "अगं, हा काय प्रश्न झाला? उद्या विचारशील, वर्गाला छप्पर होतं का."

"विचारू ना पण?"

"विचार. आणि एकेकाला वेगळं बसवून विचार हं. नाहीतर एकमेकांचं बघून लिहितील."

"हे तुझ्याकडूनच शिकले," भाची म्हणाली.

मामी दाराशी उभी राहून ऐकत होती. "विचार गं बाई. हा माणूस बरोबर असतो असं मी लग्नापासून ऐकत आलेय. एकदा बघायचंय."

भाचीनं आठवडाभर मुलांना एकेक करून बोलावलं. प्रत्येकाला कागदाचा एकेक तुकडा दिला. नाव नको, गुण नाहीत, जे दिसलं ते लिही.

निरीक्षण

शुक्रवारी दुपारी तिनं त्या चिठ्ठ्या मामांच्या टेबलावर दोन ढिगांत ठेवल्या. एक ढीग छोटा, एक मोठा.

"छोट्या ढिगात आळशी आले असणार," सर म्हणाले.

"छोट्या ढिगात दोन्ही गोळे एकदम पडले."

"आणि हा?"

"यात लोखंडाचा आधी पडला."

सरांनी वरची चिठ्ठी उचलली. 'जड गोळा आधी पडला, पण फार नाही.' दुसरी. 'आधी धाड आवाज आला, मग टक.' तिसरी वाचताना त्यांचा चष्मा घसरला. 'सरांनी सांगितल्याप्रमाणे जड गोळा आधी पडला. प्रयोग फार छान होता. समजलं.'

सरांनी चिठ्ठी खाली ठेवली. मग सगळे मास्तर जे म्हणतात ते म्हणाले.

"ही मागच्या बाकावरची आहेत."

"मागचं बाक इतकं लांब असतं का मामा?"

"मग गैरहजर असतील."

"गैरहजर मुलांना आवाजही ऐकू आला?"

"सहायकानं गोळे नीट सोडले नसतील."

"तू तिथंच होतास."

नाचता येईना, अंगण वाकडं, हे सगळे म्हणतात. आमच्या मामांनी तर आणखी मोठं अंगण मागितलं होतं, असं भाची पुढे कित्येक दिवस सांगत असे. सरांनी शिपायाकरवी पहिल्या बाकावरच्या मुलीला बोलावणं धाडलं. ही मुलगी वर्गात पहिली येई, टाळ्यांची सुरुवात तीच करी, आणि गोळा नाकाशी येताना डोळे झाकणारीही तीच. तिला सगळे हुशारी म्हणत.

"ये गं, बस. दोन गोळे टाकले, तेव्हा काय झालं?"

"लोखंडाचा आधी पडला, सर. मग लाकडाचा. थोडाच फरक होता."

"तू स्वतः पाहिलंस?"

"शपथेवर सांगते सर. माझ्या समोरच पडले."

"पण परीक्षेत तू काय लिहिलं होतंस?"

"दोन्ही एकदमच पडतात असं."

"मग?"

हुशारी थोडी गोंधळली. इतक्या साध्या गोष्टीवर सर का अडलेत, हे तिला कळेना. "परीक्षेत एकदमच पडतात, सर. खरे पडतात तेव्हा जड आधी पडतो."

ती गेली. पोरगी खोटं बोलत नव्हती, हे सर जाणून होते. अगदी असाच निर्मळ चेहरा करून एका माणसानं त्यांना सांगितलं होतं, की महाराजांचं डोकं छपराला लागलं आणि दोन कौलं सरकली.

"म्हणजे मी कफनी घालून उभा आहे," सर हळूच म्हणाले.

"आणि चवड्यावर," भाची म्हणाली. "पण वाईट वाटून घेऊ नकोस. हे तुझ्या एकट्याचं नाही. पोरं लहानपणापासून मानत आलीत की जड ते आधी पडतं. एवढ्याशा क्षणात डोळ्यांना काय दिसणार? जे दिसत नाही ते मन भरून काढतं, आणि स्वतःच्याच कोठारातून भरतं. तू बाजूला उभा राहून बोलतोस छान. छान बोललेलं ऐकलं की माणसाला वाटतं, कळलं. कळल्यासारखं वाटणं आणि कळणं, या दोन गोष्टी एकदम पडत नाहीत."

"पण मी विचारतो की. प्रत्येक वेळी विचारतो, समजलं का म्हणून. विचारून थांबतो. नाही समजलं म्हणायला वेळ देतो."

"किती थांबतोस?"

"भरपूर. पाण्याचा एक घोट घेतो तेवढा."

भाचीनं फोन काढला. मागच्या शनिवारचा वर्ग तिनं त्यात टिपून ठेवला होता. धाड आवाज आला. मग सरांचा भरदार आवाज, "समजलं?" आणि त्याच दमात, श्वासाचीही फट न ठेवता, पुन्हा सरांचाच आवाज, "समजलं." त्याच्या मागून सगळा वर्ग, "समजलं, सर." पाण्याचा घोट नंतर होता. टाळ्या चालू असताना.

सरांनी ते पुन्हा ऐकलं. मग आणखी एकदा. आपण थांबतो, हे त्यांनी स्वतः पाहिलं होतं. तेही शपथेवर सांगू शकले असते.

इतकी वर्षं ज्या गजरावर ते जगत होते, त्याचा पहिला शब्द त्यांच्याच तोंडचा होता. महाराजांनी निदान भक्त तरी पाळले होते. इथं देव, पुजारी, नवस आणि नवसाला पावणं, सगळं एकाच खुर्चीत.

दक्षता

संध्याकाळी सरांनी घरी पहिला उपाय सुचवला. लोखंडाच्या गोळ्याला लाल रंग द्यायचा, लाकडाच्याला पिवळा, वर दिवा सोडायचा आणि आपण थोडं आणखी मोठ्यानं बोलायचं.

"म्हणजे कफनी आणखी लांब," मामी म्हणाली.

"मग काय करू? उद्या अध्यक्ष येतायत. हॉल हातातोंडाशी आलाय."

भाचीनं सांगितलं ते फार साधं होतं. गोळे सोडण्याआधी प्रत्येकाला विचार, काय होईल? नुसतं मनात नको, सगळ्यांसमोर हात वर करू दे. शेजाऱ्याशी भांडू दे. स्वतःच्या तोंडानं जड आधी म्हणून बसलेला माणूस मग नीट कान देऊन ऐकतो, कारण त्याला जिंकायचं असतं. आणि हरला तर विसरत नाही.

"वर्गात गोंधळ होईल."

"होईल."

"टाळ्या पडणार नाहीत."

"बहुतेक नाही."

"हॉल जाईल."

यावर भाची काहीच बोलली नाही. भिंत राहिली तर तिची टेबलं राहणार होती. म्हणून तिनं तोंड उघडणं बरं दिसलं नसतं. मामी मात्र म्हणाली, "तुम्ही दुसऱ्यांच्या महाराजांना एवढ्या लोकांदेखत उघडे पाडलेत. घरच्या महाराजांना सवलत आहे का?"

पुन्हा कृती

शनिवारी खांदे तिरके करूनच आत शिरावं लागलं. पहिल्या रांगेत अध्यक्ष, त्यांच्या शेजारी प्राचार्यबाई, आणि नव्या हॉलचं काम मिळायची आशा असलेला ठेकेदार. मामी पायरीवर बसली होती, पिशवी मांडीवर घेऊन. लोखंडी गोळा हुकाला लटकत होता. सरांनी त्याच्याकडे पाहिलंही नाही.

"आज आधी तुम्ही सांगा," ते म्हणाले. "वरून हे दोन गोळे पडणार आहेत. कोणता आधी पडेल? लोखंडाचा आधी वाटतो, त्यांनी हात वर करा."

कोणी हलेना. मुलं एकमेकांकडे बघू लागली. परीक्षेतलं उत्तर द्यायचं की खरं, हेच कळेना. सर थांबले. खरोखर थांबले. घसा कोरडा पडला तरी पाण्याला हात लावला नाही.

शेवटी हुशारीचा हात वर गेला, अर्धा. मग तिच्या मागचा. मग हात वर जातच राहिले. अध्यक्षांनीही इकडेतिकडे बघून हात वर केला, कारण अध्यक्ष नेहमी बहुमताबरोबर असत.

"आता शेजाऱ्याला पटवा," सर म्हणाले.

आणि वर्ग फुटला. दारातला वाणिज्याचा मुलगा इतिहासवाल्याला सांगू लागला, की जडाला किंमत जास्त तर वेगही जास्त. खिडकीतला एकजण म्हणाला, सर फसवतायत, आज लाकडाचा आधी पडणार. ठेकेदार आवाज चढवून प्राचार्यबाईंना सांगत होता, की विटा आणि फळ्या त्यानं आयुष्यभर वरून टाकल्यात. प्राचार्यबाई कपाळ दाबत होत्या.

सरांनी हात वर केला. सहायकानं गोळे सोडले.

धाड.

टाळी नाही. कोणीतरी म्हणालं, "परत." परत टाकले. पुन्हा एकच आवाज. "सहायक लबाडी करतोय," ठेकेदार म्हणाला. सर म्हणाले, "मग तुम्ही वर जा." ठेकेदार खरंच वर गेला. त्यानं टाकले. त्याच्या मागोमाग हुशारी गेली. तिनं वाकून, दोन्ही हात एका रेषेत धरून, जीभ दातांत धरून टाकले. धाड. ती वरूनच खाली बघत राहिली, कोणीतरी जुनी ओळखीची वस्तू जागेवरून हलवल्यासारखी.

ती खाली आली, तेव्हा सरांनी खिशातून एक चिठ्ठी काढली आणि सगळ्यांना वाचून दाखवली. 'सरांनी सांगितल्याप्रमाणे जड गोळा आधी पडला. प्रयोग फार छान होता. समजलं.'

"हे कोणी लिहिलं ते मला ठाऊक नाही आणि जाणूनही घ्यायचं नाही," ते म्हणाले. "कारण ही चूक लिहिणाऱ्याची नाही. मी तुम्हाला महाराजांची गोष्ट सांगतो ना? लोक आधी मानलेलं तेच बघतात म्हणून? ते लोक म्हणजे तुम्ही. आणि तो महाराज मी. युक्ती सोपी आहे. तुम्हाला काय वाटतं ते कधी विचारायचं नाही, झपाट्यानं दाखवायचं, गोड बोलायचं, आणि समजलं का विचारून उत्तरही आपणच द्यायचं. तुम्हाला समजल्यासारखं वाटतं, मला शिकवल्यासारखं वाटतं. दोघंही खूश, आणि गोळा तिथंच."

ते थांबले. सवयीनं जिभेवर शब्द आलाच.

"समजलं?"

दुसरा 'समजलं' ओठांपर्यंत आला होता. सरांनी ओठ घट्ट मिटून घेतले. वर्ग शांत. कुठलंसं बाक करकरलं. मामीनं पिशवी या मांडीवरून त्या मांडीवर घेतली. प्राचार्यबाई घड्याळाकडे बघू लागल्या. सरांना वाटलं, इतका वेळ आपण जन्मात गप्प बसलो नाही. ते खरंही होतं.

"नाही, सर," हुशारी म्हणाली.

सगळे तिच्याकडे बघू लागले. तिचे कान लाल झाले होते, पण ती बसली नाही. "जड गोळ्याला पृथ्वी जास्त जोरानं ओढते ना? मग तो आधी का पडत नाही?"

उत्तर सरांना पाठ होतं. त्यावर त्यांचा एक सुंदर विनोदही होता. त्यांनी तो गिळला. "तुम्हाला काय वाटतं?" त्यांनी वर्गाला विचारलं.

वर्ग पुन्हा फुटला. त्या कलकलाटात पायरीवरून मामीचा आवाज आला. "जडाला ओढावंही जास्त लागतं आणि हलायलाही तो जास्त आळशी असतो. घरी रोज बघते मी."

सगळा वर्ग खो खो हसला. पण हुशारी हसली नाही. ती मामीकडे बघून पुटपुटत होती, "जास्त ओढ, पण हलवायलाही जास्त जड... म्हणजे दोन्ही फिटतात..." आणि तिनं कागद ओढून काहीतरी काढायला घेतलं.

लटकता गोळा शेवटपर्यंत कोणाच्या नाकाशी गेला नाही. अध्यक्षांनी जाताना प्राचार्यबाईंना सांगितलं, "आज काही रंग भरला नाही. माणूस थकलाय. यासाठी भिंत कशाला पाडायची?" ठेकेदार मान हलवत मागून गेला, पण दाराशी थांबून त्यानं फळीवरचे दोन्ही गोळे एकेकदा हातात तोलून बघितले.

भिंत राहिली. टेबलं राहिली. सोमवारी गोळेसर भाचीच्या प्रयोगशाळेत एका टेबलाच्या कडेला स्टूल घेऊन बसले. मुलं तारा चुकीच्या जोडत होती, आणि सर बरोबर कशा जोडायच्या ते न सांगण्याचा सराव करत होते. पापणी न हलवण्यापेक्षा हे फार अवघड होतं.

"जमतंय, मामा," भाची म्हणाली.

"जमल्यासारखं वाटतंय," मामा म्हणाले.

अनुमान

भोंदूला उघडं पाडणं सोपं असतं, कारण तो दुसरा कोणीतरी असतो. आपल्याला फार छान समजावून सांगणारा माणूस भेटला, मग तो महाराज असो, मास्तर असो वा अशी गोष्ट लिहिणारा, तर मान डोलावण्याआधी एकदा स्वतःला विचारावं, मला आधी काय वाटत होतं? आणि आता नक्की काय दिसलं? माहीत नसेल तर 'नाही समजलं' म्हणावं. त्यानं कोणाचा अपमान होत नाही. झालाच, तर तो माणूस शिकवत नव्हता.

या गोष्टीवरही विश्वास ठेवू नका. एकाच मापाच्या दोन वस्तू घ्या, एक जड, एक हलकी. कागदाचा बोळा नको, त्याला हवा अडवते. खुर्चीवर उभे राहा. टाकण्याआधी, घरातल्या कोणाच्या तरी देखत, पुढची रिकामी ओळ भरा.

अनुमान: ____________